राखेतल्या मुलीचे लोखंडी पाऊल
जुन्या परीकथेच्या विज्ञानरूपाचा आस्वाद

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादी जुनी गोष्ट नव्या वेषात समोर आली की ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की मूळ गोष्ट सुंदर आहे, तिला हात लावू नये. दुसरा म्हणतो की जुने ते जुने झाले, नव्या काळाला नवी गोष्ट हवी. वस्तुतः गोष्टींचा इतिहास पाहिला तर ह्या दोन्ही पक्षांची समजूत अपुरी ठरते. जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते तीच जगते, आणि पुन्हा सांगताना ती थोडी बदलतेच. बदलताना ती काय सोडते व काय जपते, ह्याचा शोध घेणे हाच तिच्या आस्वादाचा खरा मार्ग होय. लहान मुलांना रोज काही ना काही सांगणे हेच ज्याचे काम आहे, त्या प्राथमिक शिक्षकाला ह्या शोधात विशेष लाभ आहे.

येथे विचारासाठी घेतलेली कथा सिंड्रेलाची आहे, आणि तिचे नवे रूप म्हणजे अमेरिकन लेखिका मॅरिसा मायर ह्यांची ‘सिंडर’ ही २०१२ साली प्रसिद्ध झालेली विज्ञानकादंबरी.

कथेची जुनी वाट

सिंड्रेलाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आई वारलेली मुलगी, सावत्र आईचा जाच, चुलीपाशी राखेत बसून करावयाची कामे, राजवाड्यातील उत्सव, अकस्मात मिळालेली मदत, घाईत पायातून निसटलेला एक जोडा आणि त्या जोड्यावरून लागलेला तिचा शोध, असा तिचा सांगाडा आहे. अनेक भाषांत ह्या मुलीचे नावच राखेवरून पडलेले आहे. फ्रेंचमधील ‘सांद्रियों’, जर्मनमधील ‘आशेनपुटेल’, इटालियनमधील ‘चेनेरेंतोला’ ह्या सर्व नावांत त्या त्या भाषेतील राखेचा शब्द दडलेला आहे.

आज मुलांच्या चित्रमय पुस्तकांत जी सिंड्रेला आढळते ती बव्हंशी शार्ल पेरो ह्या फ्रेंच लेखकाची होय. १६९७ साली पॅरिस येथे निघालेल्या त्याच्या कथासंग्रहात भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे आणि काचेचा जोडा आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या कथेत मात्र परी नाही, काचही नाही. तेथे आईच्या थडग्यावर उगवलेले झाड आहे आणि साहाय्याला धावणारे पक्षी आहेत. त्या कथेत सावत्र बहिणी जोडा पायात बसावा म्हणून एकीने अंगठा आणि दुसरीने टाच कापून घेतात. हा कठोर प्रसंग पुढे मुलांच्या पुस्तकांतून बहुधा गाळला गेला, परंतु तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. नव्या कादंबरीत त्याची एक विलक्षण सावली पडलेली दिसते.

तथापि कथेची मुळे युरोपातच आहेत असे समजण्याचे कारण नाही. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन छंगशी नावाच्या विद्वानाने ‘ये श्येन’ नावाच्या मुलीची कथा लिहून ठेवली. तिला एक मासा जीव लावतो, सावत्र आई त्या माशाला मारते, माशाची हाडे मुलीला हवे ते देतात, आणि उत्सवाहून परतताना तिचा सोन्याचा जोडा हरवतो. पेरोच्या पुस्तकापूर्वी सुमारे आठशे वर्षे ही कथा लिहिली गेली. १८९३ साली मॅरियन कॉक्स ह्या इंग्रज विदुषीने ह्या जातीच्या ३४५ कथांची नोंद करून एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्राच्या शेजारी, कन्नड मुलखात, ‘हंची’ नावाच्या मुलीची अशीच कथा सांगितली जाते. तिच्याकडे ए. के. रामानुजन ह्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. हंचीचे रूप मातीच्या मुखवट्याआड झाकलेले असते. जोडा असो वा मुखवटा, जग ज्या मुलीला नगण्य समजते तिचे खरे रूप ओळखले जाण्याची वाट पाहणे, हा ह्या साऱ्या कथांचा समान प्राण आहे.

नवी कादंबरी

मॅरिसा मायर ह्यांचा जन्म १९८४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा ह्या गावी झाला. एका लेखनस्पर्धेसाठी त्यांनी ‘बुटातले मांजर’ ही परीकथा भविष्यकाळात नेऊन लिहिली आणि त्यातूनच परीकथांची एक मालिका रचण्याची कल्पना त्यांना सुचली. ‘सिंडर’मागून ‘स्कार्लेट’ (२०१३), ‘क्रेस’ (२०१४) आणि ‘विंटर’ (२०१५) ह्या कादंबऱ्या आल्या. त्यांत अनुक्रमे लाल टोपीवाली मुलगी, मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची रापुन्झेल आणि हिमगौरी ह्यांच्या कथा एकाच मोठ्या कथानकात गुंफल्या आहेत. रापुन्झेलचा मनोरा तेथे पृथ्वीभोवती फिरणारा कृत्रिम उपग्रह झालेला आहे, एवढे सांगितले म्हणजे लेखिकेच्या कल्पकतेची जात ध्यानी येईल.

‘सिंडर’ ह्या शब्दाचा अर्थच जळून उरलेला कोळसा. कादंबरीतील काळ दूरच्या भविष्यातील, चौथ्या महायुद्धानंतरचा आहे. स्थळ आहे ‘नवे बीजिंग’. ह्या कथेचे एक फार जुने लिखित रूप ज्या देशात सापडते तेथेच तिचे हे नवे रूप घडावे, हा योग मोठा सुखद आहे. लिन सिंडर ही सोळा वर्षांची मुलगी बाजारात यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवते. लहानपणीच्या एका अपघातानंतर तिच्यावर शस्त्रक्रिया झाली असून तिचा एक हात व एक पाय धातूचा आहे आणि मेंदूला यंत्राची जोड दिलेली आहे. काही मानवी व काही यांत्रिक अशा देहाला ‘सायबोर्ग’ म्हणतात. तिच्या देहाचा ३६.२८ टक्के भाग मानवी नाही, असा हिशेबही एक डॉक्टर तिला ऐकवतो. तिला रडू फुटत नाही, कारण तिच्या डोळ्यांना अश्रूंची सोयच ठेवलेली नाही.

तिच्या कमाईवर सावत्र आई ॲड्री व तिच्या दोन मुली राहतात. पैकी पर्ल तिचा तिरस्कार करते, तर धाकटी पिओनी तिच्यावर खरे प्रेम करते. इको नावाची एक लहानशी बडबडी यंत्रदासी तिची मैत्रीण आहे. एके दिवशी राजपुत्र काइ आपला बिघडलेला यंत्रमानव घेऊन तिच्या दुकानी येतो आणि कथा सुरू होते.

ओळखीचा आनंद

अशा कादंबरीत रस कसा निर्माण होतो? पुढे काय होणार हे तर वाचकाला ठाऊकच असते. उत्सव होणार, मुलगी तेथे जाणार, तेथून पळताना पायातले काही तरी मागे राहणार. कथेची उत्कंठा येथे ‘काय’ ह्या प्रश्नात नाही, ‘कसे’ ह्या प्रश्नात आहे.

मराठी श्रोत्याला ही रीत परकी नाही. कीर्तनाला जमलेल्या मंडळींना नल-दमयंतीचे आख्यान अगोदरच ठाऊक असते. बुवा ते आज कसे रंगवतात हे ऐकण्यासाठी ती येतात. मोरोपंतांनी रामकथा कितीतरी प्रकारांनी रचली. त्यांच्या निरोष्ठ रामायणात तर ओठांनी उच्चारावयाची अक्षरेच वर्ज्य केली आहेत. रामाने रावणाला मारले हे जाणणारा रसिक, ते ह्या बंधनात राहून कसे सांगितले, ह्यातच रमतो. विज्ञानकथेचे बंधनही असेच असते. जादूने जे सहज घडले ते येथे यंत्राने, औषधाने, कायद्याने अथवा ग्रहताऱ्यांच्या नियमाने घडवून दाखवावे लागते.

ह्या दृष्टीने काही स्थळे पाहण्यासारखी आहेत. पेरोचा भोपळा येथे भंगाराच्या ढिगात सापडलेली, नारिंगी रंगाची, पेट्रोलवर चालणारी जुनाट मोटार झाला आहे. त्या काळात अशा मोटारी कोणी वापरीत नाही, आणि सिंडर ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करते. जुन्या कथेतील मुलीला गाडी दानात मिळते, ही मुलगी ती कष्टाने मिळवते. हा फरक सहज केलेला दिसतो, पण मुलीच्या स्वभावाचे सारे चित्र त्यात उतरले आहे.

सर्वांत मोठी युक्ती जोड्याची आहे. कादंबरीच्या आरंभीच सिंडर बाजारात बसून आपले पोलादी पाऊल काढून टाकीत असते. अकराव्या वर्षी बसवलेले ते पाऊल सोळाव्या वर्षी तिला लहान पडू लागले आहे, कारण देह वाढला आणि धातू वाढला नाही. नेमका त्याच वेळी राजपुत्र येतो. एक पाऊल नसलेली ती मुलगी मेजाआड ते झाकून त्याच्याशी बोलत राहते. पुढे सावत्र आई शिक्षा म्हणून तिचे नवे पाऊल काढून घेते. म्हणून उत्सवाच्या रात्री तिला तेच जुने, आखूड पाऊल जोडून जावे लागते, आणि पळताना राजवाड्याच्या पायऱ्यांवर ते निखळून पडते. जोड्याऐवजी प्रत्यक्ष पाऊलच मागे राहते.

ग्रिम बंधूंच्या कथेत बहिणींनी जोड्याच्या मापासाठी पाय कापले होते, ते येथे आठवावे. तेथे दुसऱ्याच्या मापात बसण्याची हाव होती. येथे नायिकेवरच चुकीचे माप लादले गेले आहे. काचेचा जोडा हरवला तर राजपुत्राला तिच्या सौंदर्याची खूण मिळते. पोलादी पाऊल पडले तेव्हा मात्र तिने जिवापाड लपवलेले सत्यच सर्वांसमोर उघडे पडते. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवली असता कथेचा अर्थ किती खोल जाऊ शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

माणूस कोणाला म्हणावे?

केवळ भोपळ्याची मोटार करणे म्हणजे विज्ञानकथा नव्हे. तसे असते तर तो शब्दांचा खेळ झाला असता. ‘सिंडर’ वाचनीय ठरते ती तिच्या पोटातील प्रश्नामुळे.

त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे सायबोर्ग हा स्वतंत्र नागरिक नाही. तो पालकाची मालमत्ता आहे. देशात एक भयंकर साथ पसरलेली आहे, आणि तिच्यावरील औषधाच्या प्रयोगांसाठी सायबोर्गांतून नावे काढून माणसे नेली जातात. ती बहुधा परत येत नाहीत. सावत्र आई सिंडरला अशाच प्रयोगासाठी देऊन टाकते आणि कायदा तिला अडवीत नाही. जुन्या कथेतील सावत्र आई दुष्ट होती, एवढे सांगून कथा पुढे जात असे. येथे तिच्या दुष्टपणाला समाजाने दिलेली परवानगीही दिसते. दुष्ट व्यक्तीपेक्षा दुष्ट नियम अधिक माणसांना चिरडतो, हे लेखिकेने उपदेशाचा एकही शब्द न बोलता दाखवले आहे.

बाजारातील एक लहान प्रसंग शिक्षकांनी मुद्दाम पाहावा. शेजारी पाव विकणारी एक बाई आपल्या लहान मुलाला सिंडरच्या दुकानाजवळ खेळू देत नाही, त्याला ओढून दूर नेते. धातूच्या हाताचा विटाळ व्हावा अशी तिची वागणूक असते. पुढे त्या बाईलाही व तिच्या मुलालाही साथ गाठते. सिंडर आपल्या लाडक्या पिओनीसाठी औषधाची कुपी घेऊन धावते, पण ती पोहोचेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. मग ती कुपी ती त्याच लहान मुलाला देते आणि ते मूल वाचते. ह्या कृतीचे कोणी कौतुक करीत नाही. परीकथेतील मुलगी ‘गुणी’ आहे असे नुसते म्हटलेले असते, येथे तो गुण घडताना दिसतो.

ह्या देशातील शिक्षकाला ह्या प्रसंगाचे विवेचन करून सांगण्याची गरज नाही. कोणाला जवळ बसवावे, कोणाला दूर ठेवावे, ह्याचा अन्याय शाळेच्या ओसरीवरही कधी काळी बसलेला होता. साथीच्या रोगातील सेवेचा अर्थही त्याला ठाऊक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या शिक्षिका होत्या, ही गोष्ट शिक्षकवर्गाने विसरता कामा नये. २०२० सालच्या साथीत शाळांची दारे बंद झालेली ज्यांनी पाहिली आणि घरोघर जाऊन ज्यांनी मुलांचा अभ्यास चालू ठेवला, त्यांना कादंबरीतील भयाचे वर्णन अतिशयोक्त वाटणार नाही.

कल्पनेतील पाय आणि खरा पाय

कृत्रिम पावलाची गोष्ट निघाली असता आणखी एका पावलाचे स्मरण उचित होईल. सुमारे १९६८ साली जयपूर येथे रामचंद्र शर्मा ह्या कुशल कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्या शल्यवैद्यांनी मिळून ‘जयपूर पाय’ सिद्ध केला. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी बनवलेला असे. परंतु येथील माणसाला अनवाणी चालावे लागते, शेताच्या चिखलात उतरावे लागते, उकिडवे बसावे लागते, जेवायला मांडी घालावी लागते. ही अडचण ओळखून रबर व लाकूड ह्यांचा उपयोग करून स्वस्त, लवचीक आणि दिसण्यातही खऱ्या पावलासारखा असा पाय तयार झाला. डॉ. सेठी ह्यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे हात आणि डॉक्टरांचे शास्त्र ह्यांची ती जोड होती. कादंबरीतील सिंडरही कारागीरच आहे, आणि स्वतःच्या पायाचे स्क्रू ती स्वतःच फिरवते.

माप माणसाचे घ्यावयाचे व त्याप्रमाणे वस्तू करावयाची, की वस्तू अगोदर ठरवून माणसाला तीत कोंबावयाचे? जयपूर पायाने पहिली वाट धरली. शाळेलाही हाच प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली झाला आणि त्याने समान वागणुकीची कायद्याने हमी दिली. परंतु वर्गातील मुलाला बसावयाची जागा कोठे मिळते, खेळात त्याला कोण घेतो, त्याच्या चालण्याची नक्कल झाली तर गुरुजी काय करतात, हे अधिनियम पाहू शकत नाही. ते गुरुजींनीच पाहावयाचे असते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वर्गात एखादे मूल कुबडी घेऊन चालत असेल, तर ही गोष्ट सांगताना त्याच्याकडे बोट दाखवून ‘पाहा, ही आपली सिंडर’ असे कदापि म्हणू नये. हेतू कितीही चांगला असला तरी त्या मुलाचे पाऊल पायऱ्यांवर सर्वांसमोर निखळावे, तसा तो प्रकार होईल. गोष्ट सर्वांना सांगावी आणि ज्याने त्याने तिच्यातून आपले ते घ्यावे.

विज्ञान किती, कल्पना किती

विज्ञानकथा वाचताना खरे शास्त्र आणि लेखकाची कल्पना ह्यांत भेद करता येणे, हाही आनंदाचाच एक भाग आहे. ‘सिंडर’मध्ये चंद्रावर वस्ती आहे आणि तेथील राणी लेव्हाना ही कथेतील खलनायिका आहे. ती लोकांच्या मनावर ताबा मिळवून त्यांना स्वतःचे खोटे सुंदर रूप दाखवते, आणि आरशाचा तिला तिटकारा आहे. हिमगौरीच्या सावत्र आईचा आरसा येथे असा उलटा फिरवलेला आहे. कन्नड कथेतील हंचीने सौंदर्य मुखवट्याआड झाकले होते, लेव्हानाने कुरूपता सौंदर्याआड झाकली आहे.

चंद्रावर हवा नाही, म्हणून तेथील माणसे घुमटांखाली राहतात, ही कल्पना शास्त्राला धरून आहे. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. पृथ्वीवर ३० किलो भरणाऱ्या मुलाचे वजन तेथील स्प्रिंगच्या काट्यावर ५ किलोच दिसेल. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्यामुळे येथून निघालेला संदेश तेथे पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा राजपुत्राने राणीला प्रश्न विचारला तर उत्तर ऐकण्यास त्याला किमान अडीच सेकंद थांबावे लागेल. हा हिशेब सातवीचा मुलगाही फळ्यावर मांडू शकेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, त्याची आठवण देऊन हा पाठ रंगवता येईल.

उलट, देहातील विजेच्या बळावर दुसऱ्याचे मन वळवण्याची चंद्रवासीयांची शक्ती ही विज्ञानाचे नाव धारण केलेली जादूच आहे. तिला आज शास्त्राचा आधार नाही. कादंबरीत इतरही उणिवा आहेत. नायिकेच्या जन्माचे रहस्य जाणत्या वाचकाला फार लवकर उमगते. नव्या बीजिंगचे चित्रण अनेक ठिकाणी पुसट आहे आणि चिनी जीवनाचा गंध त्यात कमीच येतो. शिवाय हे पुस्तक किशोरवयीन वाचकांसाठी आहे. साथीचे व मृत्यूचे प्रसंग लक्षात घेता प्राथमिक वर्गातील लहान मुलांना ते जसेच्या तसे वाचून दाखवणे योग्य होणार नाही. शिक्षकाने ते स्वतःच्या आनंदासाठी वाचावे आणि त्यातील निवडक भाग आपल्या शब्दांत सांगावा.

शेवटाविषयीही एक गोष्ट नमूद करावयास हवी. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस विवाह होत नाही. सिंडर तुरुंगात असते, तेथे तिला नवा हात व नवे पाऊल मिळते, आणि पुढची वाट तिची तिलाच चालावी लागते. मालिकेच्या शेवटी तिला चंद्राचे राज्य मिळते, तेव्हा राजेशाहीच विसर्जित करण्याचा तिचा निश्चय असतो. राजपुत्राने ओळखले म्हणून जुन्या सिंड्रेलाचे भाग्य उजळले, नवी सिंडर स्वतःला ओळखते. काळाच्या ओघात कथेने सोडले ते हे, आणि जपली ती उपेक्षित मुलीविषयीची माया.

मराठी वर्गातील भोपळा

विज्ञानकथा हा प्रकार मराठीला नवा नाही. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. तिच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. तिचे लेखक जयंत नारळीकर ह्यांनी ती टोपणनावाने पाठवली होती. १९७९ साली त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. त्यांच्या ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत यंत्रमानवाला वामन हे नाव दिलेले आहे. बटू म्हणून आलेला आणि तीन पावलांत सारे व्यापणारा पुराणातील वामन ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकाला ह्या एका नावातच धोक्याची सूचना मिळते. जुन्या कथेची ओळख नव्या कथेला असे बळ देते. म्हणूनच ज्या मुलांनी जुन्या गोष्टी ऐकलेल्याच नाहीत, त्यांना नव्या गोष्टीचा निम्मा आनंद गमवावा लागतो.

तेव्हा आरंभ जुन्या गोष्टीपासूनच व्हावा. मराठी मुलाला भोपळ्याचे वाहन शिकवण्यासाठी पेरोकडे जाण्याचे कारण नाही. लेकीच्या घरी जाऊन धष्टपुष्ट होणारी आणि परतताना भोपळ्यात बसून रानातील वाघ-कोल्ह्यांना चकवणारी म्हातारी त्याच्या घरचीच आहे. ही गोष्ट प्रथम नेहमीप्रमाणे, गाण्यासह, संपूर्ण सांगावी. नंतर चौथी-पाचवीच्या मुलांना विचारावे की हा भोपळा खराच बनवावयाचा झाला तर काय काय लागेल?

प्रश्न मुलेच काढतील. बंद भोपळ्यात म्हातारीला हवा कोठून मिळेल? उतारावर तो थांबवावा कसा? भोपळा गडगडत असताना आतली म्हातारी उलटीपालटी होणार नाही काय? ह्या शेवटच्या प्रश्नासाठी एक प्रयोग करता येतो. काचेची वा पारदर्शक गोल बाटली अर्धी पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, फरशीवर आडवी ठेवावी आणि हळूहळू लोळवावी. बाटली फिरते, पण पाणी तळाशीच राहते व त्याचा पृष्ठभाग आडवाच दिसतो. म्हातारीचे आसनही असे मोकळे टांगले आणि त्याचा खालचा भाग जड केला, तर भोपळा फिरला तरी ती सरळ बसून राहील. जहाजावरील होकायंत्र लाटांत स्थिर राहावे म्हणून ते याच तत्त्वावर कड्यांत बसवलेले असते. एवढे कळले की मुलांच्या डोळ्यांसमोर आजीचा भोपळा आणि खलाशांचे जहाज एका ओळीत येऊन उभे राहतात.

मात्र एक पथ्य पाळावयास हवे. कोणी उत्साही मुलगा सांगेल की भोपळ्यात बंदूक बसवावी आणि वाघाला मारावे. त्याला रागावू नये, परंतु विचारावे, ‘मग म्हातारीच्या अकलेचे काय झाले?’ दुबळ्या म्हातारीने बुद्धीच्या जोरावर बलवानांना चकवले, हा त्या गोष्टीचा प्राण आहे. बंदूक आली की प्राण गेला, मग भोपळा कितीही सुधारलेला असला तरी गोष्ट उरत नाही. वेष बदलावा, प्राण राखावा, हा पुनर्कथनाचा नियम मुलांना ह्या एका प्रश्नातून उमजेल. ‘सिंडर’ची लेखिकाही ह्याच नियमाने चालली आहे.

ह्या उपक्रमाला वेगळा तास नको, साहित्य नको, खर्चही नको. शनिवारच्या शाळेतील अर्धा तास पुरेल. मुलांच्या उत्तरांना गुण देऊ नयेत. कोणाचे उत्तर शास्त्रात बसत नसेल तर बसेल असे काय करता येईल, हे सर्वांनी मिळून शोधावे. जे मूल कधीच हात वर करीत नाही, त्याला एखादा सोपा प्रश्न आधी द्यावा. भोपळ्याला किती भोके पाडावीत, हे सांगण्यास कोणालाही भीती वाटत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनाचा. माहितीचे तक्ते, नोंदवह्या आणि परिपत्रके ह्यांच्या राशीत आनंदासाठी वाचावयाचे पुस्तक मागे पडते, ही तक्रार खोटी नाही. परंतु ज्या शिक्षकाला गोष्टीत गोडी वाटत नाही, त्याच्या तोंडून गोष्ट ऐकताना मुलांनाही ती वाटत नाही. मुले हे फार लवकर ओळखतात. महिन्याकाठी एक तरी पुस्तक, मराठी असो वा इंग्रजी, कोणत्याही पाठाची तयारी म्हणून नव्हे तर केवळ मौज म्हणून वाचावे. त्यातील एखादी वस्तू, एखादा प्रसंग, एखादे निखळलेले पाऊल आपोआप वर्गात येईल, आणि मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेले एखादे मूल त्या दिवशी प्रथमच मान वर करून ऐकू लागेल.